आंब्याच्या पानावरील अळी आणि आपण

(रत्नागिरी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलण्यासाठी मी निवडलेला विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. रस्ते, पाणी, घरकुले, शाळांच्या इमारती अशा निकडीच्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी आपण एरवी एकत्र जमतो. अशा सभेत एका फुलपाखराविषयी आणि त्याच्या अळीविषयी आपला वेळ घ्यावा, हे वरकरणी अप्रस्तुत दिसेल. तथापि ही अळी वाढते ती आंब्याच्या पानावर. ज्या आंब्यावर या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो आणि ज्याच्या हापूस या जातीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच झाडावरची ही रहिवासी आहे. शिवाय तिला न ओळखल्यामुळे माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. त्या चुकीची हकीकत सांगूनच प्रारंभ करतो.

२०२२ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या काही भागांत ‘घोणस अळी’ची भीती पसरली होती, हे आपणांस स्मरत असेल. उसावर व बांधावरच्या गवतावर आढळणारी ही अळी अंगाला लागली की तीव्र वेदना होतात, हे खरे. परंतु तिच्या दंशाने माणूस दगावतो, अशा अफवा मोबाइलवरून गावोगाव पोहोचल्या आणि लोक शेतात जावयास भिऊ लागले. त्याच सुमारास आमच्या कार्यालयाकडे एका बागायतदाराने एक छायाचित्र पाठविले. हापूसच्या पानावर बसलेली हिरवी अळी, तिच्या दोन्ही अंगांना लांब काट्यांची झालर. पाठोपाठ दूरध्वनी सुरू झाले. ‘घोणस अळी आंब्यावर आली काय?’ असा एकच प्रश्न.

मी कला शाखेचा पदवीधर. शब्द हा माझा व्यवसाय. कीटकांशी माझा परिचय तो केवढा असणार? परंतु वृत्त तातडीने द्यावयाचे ही सवय जुनी. कृषी विभागाचा अभिप्राय येईपर्यंत थांबण्याऐवजी मी ‘आंब्यावरही काटेरी अळी, बागायतदारांनी दक्षता घ्यावी’ असे चार ओळींचे वृत्त तयार केले आणि ते दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्रात छापूनही आले. तिसऱ्या दिवशी कृषी सहायकांनी छायाचित्र पाहून सांगितले, की ही घोणस अळी नव्हे, ही एका फुलपाखराची अळी असून ती चावत नाही, डसत नाही आणि आंब्याला तिच्यापासून धोकाही नाही. आम्ही त्याच दिवशी खुलासा दिला.

परंतु तोपर्यंत एका बागायतदाराने आपल्या साठ कलमांवर फवारणी उरकून घेतली होती. पंप मारणाऱ्या गड्याने तोंडाला फडकेदेखील बांधले नव्हते. सायंकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे लागले. सुदैवाने दोन दिवसांत तो बरा होऊन घरी आला. मी त्या गावी गेलो तेव्हा बागायतदार माझ्यावर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “साहेब, तुमच्या बातमीत ‘दक्षता घ्या’ म्हणून लिहिलं होतं. आमच्याकडे दक्षता म्हणजे पंपच.”

हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. त्या गावाहून परतताना मी कलमावरची एक अळी पानासकट बरणीत घालून आणली. ती काय आहे, हे जाणून घेणे मला माझ्या कामाचाच भाग वाटू लागले. त्यातून जे समजले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

अळीचे चरित्र

या फुलपाखराचे इंग्रजी नाव ‘कॉमन बॅरन’ आणि शास्त्रीय नाव ‘युथालिया अकोन्थिया’ असे आहे. क्रामर या डच अभ्यासकाने १७७७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत ते आढळते. आंबा आणि काजू ही त्याच्या अळीची प्रमुख खाद्यझाडे होत. तेव्हा आपल्या जिल्ह्यात त्याला अन्नाचा तोटा नाही, हे सांगावयास नको.

मादी आंब्याच्या पानावर एकेक सुटे अंडे घालते. अंडे घुमटाकार असून त्यावर बारीक केसांसारखे तंतू असतात. भिंगातून पाहिल्यास तो एखादा कोरलेला मणी वाटावा. अंड्यातून निघालेली अळी पाने खाऊन वाढते. पूर्ण वाढलेल्या अळीचे अंग हिरवे असून पाठीच्या मधोमध डोक्यापासून शेपटीपर्यंत एक फिकट रेघ असते. दोन्ही बाजूंना पिसासारखे फाटे फुटलेले लांब काटे आडवे पसरलेले असतात. अळी विसाव्याच्या वेळी पानाच्या मध्यशिरेवर अशी बसते, की पाठीवरील रेघ आणि पानाची शीर एकमेकींशी जुळून येतात. बाजूचे काटे पानावर चपटे टेकलेले असल्यामुळे अंगाची सावली पडत नाही आणि अंगाची कडही दिसत नाही. बागेत वर्षानुवर्षे वावरणाऱ्या माणसाने ही अळी कधी पाहिलेली नसते याचे कारण हेच. ती नसते असे नव्हे. ती पानाच्या शिरेत हरवून जाते.

म्हणजे आमच्या दृष्टीने जे भयंकर काटे होते, त्यांचे काम टोचण्याचे नसून लपण्याचे आहे. घोणस अळी ही पतंगांच्या एका निराळ्या कुलातील असते. ती आखूड व जाड असते, तिचे पाय दिसत नाहीत, ती गोगलगायीप्रमाणे सरकत चालते आणि तिच्या अंगावरील काट्यांच्या झुबक्यांत दाहक द्रव्य असते. आपल्या आंब्यावरील अळी लांबट व चपटी असून तिच्या पिसासारख्या काट्यांत तसले काही नसते. अर्थात, अनोळखी अळीला उघड्या हाताने स्पर्श न करणे हा नियम मुलांना शिकवावाच. परंतु स्पर्श न करणे निराळे आणि औषध मारणे निराळे.

मी आणलेल्या अळीला कार्यालयाच्या आवारातील आंब्याची पाने रोज घातली. काही दिवसांनी तिने खाणे थांबविले आणि पानाच्या खालच्या बाजूस उलटी लटकून कोश केला. हा कोश हिरवा, कोनदार आणि सोनेरी ठिपक्यांचा असतो. नवव्या दिवशी सकाळी आमचे शिपाई बरणी घेऊन धावत आले. आत ओले पंख वाळवीत एक तपकिरी फुलपाखरू बसले होते. ते दिसावयास भपकेदार नव्हते. पंखांवर गडद नागमोडी रेषा आणि काही फिके ठिपके, एवढेच. मादीचा रंग नरापेक्षा फिका असतो आणि तिच्या पंखांवरील पांढरे ठिपके मोठे असतात.

हे फुलपाखरू फुलांवर क्वचितच जाते. त्याचे अन्न म्हणजे पिकून पडलेली, सडू लागलेली फळे आणि झाडाच्या खोडातून पाझरणारा रस. आंब्याच्या हंगामात बागेत गळून पडलेल्या फळांवर, फुटलेल्या फणसावर किंवा काजूच्या बोंडूंवर ते सोंड रोवून बसलेले आढळते. उन्हाच्या पट्ट्यात एखाद्या पानावर पंख पसरून बसावे, कोणी जवळ गेले तर झेप घ्यावी, एक फेरी मारावी आणि पुन्हा त्याच पानावर येऊन बसावे, असा त्याचा क्रम असतो.

कुंचल्याच्या पायांचे कुल

कीटकांना सहा पाय असतात, हे प्राथमिक शाळेतील मूलही सांगते. परंतु या फुलपाखराला शांतपणे बसलेले पाहिले तर पाय चारच मोजता येतात. पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी दुमडलेले असतात आणि त्यांचा चालण्यासाठी उपयोग होत नाही. अनेक जातींत, विशेषतः नरांमध्ये, या पायांवर कुंचल्यासारखे दाट केस असतात. म्हणून या कुलाला ‘कुंचलपाद’ असे म्हणतात; शास्त्रीय नाव ‘निम्फॅलिडी’. जगात या कुलाच्या सुमारे ६,००० जाती असून फुलपाखरांच्या कुलांत हे सर्वांत मोठे मानले जाते.

हे आखूड पाय निरुपयोगी असतात असे मात्र समजू नये. मादीच्या पुढच्या पायांवर चव ओळखणारे सूक्ष्म अवयव असतात. अंडे घालण्यापूर्वी ती पानावर उतरून या पायांनी पान पुन्हा पुन्हा ठोकते आणि आपल्या अळ्यांना चालणारे हेच झाड आहे काय, याची खात्री करून घेते. काजूचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील. पोर्तुगिजांनी ते सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणले. आंबा आणि काजू यांचे वनस्पतीकुल एकच. आंब्याच्या पानावर वाढणाऱ्या फुलपाखराने परदेशातून आलेला काजूही आपलासा केला, ही गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे.

या कुलातील बॅरनची सख्खी भावंडेही आपल्या परिचयाच्या झाडांवरच वाढतात. ‘गॉडी बॅरन’ हे त्यातील अधिक रंगीत फुलपाखरू. त्याची अळी आंब्याचे पान खात नाही, ती बांडगुळावर वाढते. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळे रोवून त्याचा रस शोषते आणि बागायतदार ते दरवर्षी तोडून काढतात. म्हणजे एक भाऊ आंब्यावर जगतो आणि दुसरा आंब्याच्या वैऱ्यावर. बांडगुळाचा बंदोबस्त ही अळी करील असे मी म्हणत नाही. त्यासाठी कोयताच हवा. परंतु ‘काटेरी अळी’ या एका शब्दाखाली आपण किती निरनिराळ्या जीवांना एकत्र बांधतो, हे यावरून दिसून येईल. ‘बॅरोनेट’ हा तिसरा भाऊ कोरड्या पानझडी वनांतील तेंदूच्या पानांवर वाढतो.

ज्या इंग्रज अभ्यासकांनी ही नावे दिली, त्यांनी आपल्याकडील सरदारकीच्या व लष्करातील पदव्या सढळ हाताने वाटल्या. बॅरन, बॅरोनेट, ड्यूक, कमांडर, सार्जंट यांच्या जोडीला नवाब आणि राजाही आहेत. ‘ब्लॅक राजा’ची अळी चिंचेवर वाढते. ही सर्व मंडळी कुंचलपाद कुलातीलच होत.

आपल्या नित्याच्या पाहण्यातील आणखी काहींचा उल्लेख करतो. रुईच्या झाडावर पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी असते; ती ‘प्लेन टायगर’ या नारिंगी फुलपाखराची. या फुलपाखराच्या अंगात वनस्पतींपासून मिळविलेली कडू, विषारी द्रव्ये साठलेली असल्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही. याचा लाभ ‘डॅनॉइड एगफ्लाय’ नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी घेते. तिच्या अंगात विष नसते, परंतु तिचे रूप हुबेहूब प्लेन टायगरसारखे असते. तिच्याच जातीचा नर मात्र काळा, मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचा असतो. दोघे एकाच जातीचे आहेत, हे सांगितल्याशिवाय खरे वाटत नाही.

अंगणातील कण्हेरीच्या पानाखाली लटकणारा, आरशासारखा चकाकणारा रुपेरी कोश आपल्या मुलांनी पाहिला असेल. तो ‘कॉमन क्रो’ या काळसर तपकिरी फुलपाखराचा. भातशेतीच्या बांधावर संध्याकाळी अडखळत उडणारे ‘ईव्हनिंग ब्राऊन’ हेही याच कुलातील. त्याची अळी भाताची व गवताची पाने खाते. त्याचे आणि ‘पीकॉक पॅन्सी’ या फुलपाखराचे एक वैशिष्ट्य असे, की पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूस डोळ्यांसारखी वर्तुळे ठळक असतात, तर कोरड्या ऋतूतील पिढीचे पंख मिटले की ते वाळलेल्या पानासारखे दिसतात. रान हिरवे असताना एक वेष आणि रान वाळल्यावर दुसरा. ऋतूप्रमाणे जातीचे रूप पालटते, हा धडा शिकविण्यासाठी याहून सोपे उदाहरण शिक्षकांना मिळणार नाही.

येथे एक खुलासा करतो. महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्ल्यू मॉरमॉन’ म्हणजे नीलवंत या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा निर्णय घेणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. नीलवंत मात्र कुंचलपाद नव्हे. तो निराळ्या कुलातील असून त्याची अळी लिंबाच्या वर्गातील झाडांवर वाढते. राज्याचा मान एकाला मिळाला असला, तरी प्रत्येक अळीला लागते ते आपापले ठरावीक झाड, हे सूत्र सर्वांना सारखेच लागू आहे. ज्या गावात रुई, चिंच, कण्हेर, बांधावरचे गवत आणि परसातील आंबा-काजू राहतील, त्या गावात ही फुलपाखरे राहतील.

आपल्या आधीचे अधिकारी

हे सारे कामाव्यतिरिक्तचे छंद आहेत, शासकीय नोकराने यात पडू नये, असे कोणास वाटत असेल, तर त्यांच्यासाठी एक जुनी आठवण सांगतो. एडवर्ड हॅमिल्टन एटकन या गृहस्थांचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते लॅटिन शिकवीत असत आणि १८७६ साली मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात दाखल झाले. नोकरीच्या निमित्ताने उरण, कारवार, गोव्याची सरहद्द अशी ठिकाणे त्यांनी पाहिली. रत्नागिरी हेही त्यांच्या नेमणुकीचे एक ठिकाण होते. ‘एहा’ या टोपणनावाने त्यांनी घराच्या आसपासच्या जीवसृष्टीवर खेळकर पुस्तके लिहिली. १८८३ साली ज्या आठ जणांनी मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली, त्यांत ते होते.

त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात एटकन, सनदी सेवेतील डेव्हिडसन आणि वन खात्यातील बेल या तिघांनी मिळून फुलपाखरांच्या अळ्या घरी वाढविल्या, कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते याच्या नोंदी केल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्या सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील फुलपाखरांच्या खाद्यझाडांविषयी जे ज्ञान आहे, त्याचा मोठा पाया या कामाने घातला. ते तिघेही राज्यकर्त्यांच्या बाजूचे होते आणि त्यांच्या राज्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. परंतु मीठ खात्यातील एक लॅटिनचा शिक्षक बरणीत अळी ठेवून रोज तिच्याकडे पाहू शकतो, तर मराठी शाळेत शिकलेले आपण ते का करू शकणार नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

कीड कोणती आणि शेजारी कोण

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पान खाणारा प्रत्येक जीव कीड ठरत नाही. पिकाचे होणारे नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा अधिक होऊ लागले, म्हणजे कृषिशास्त्राच्या भाषेत आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, की तो जीव कीड म्हणावयाचा. बॅरनची मादी सुटी अंडी घालते, त्यामुळे तिच्या अळ्या थव्याने येत नाहीत. शिवाय पक्षी, कोळी, गांधीलमाश्या आणि अळीच्या अंगात अंडी घालणारे बारीक परजीवी कीटक त्यांतील बहुतेकींना फुलपाखरू होऊच देत नाहीत. हजारो पानांच्या कलमावर चार-दोन अळ्यांनी काही पाने खाल्ली, तर फळांच्या संख्येत काहीही फरक पडत नाही. रोपवाटिकेतील चार-सहा पानांच्या कोय कलमावर मात्र एक अळीदेखील जाणवते. तेथे उपाय सोपा आहे. पान तोडून अळी मोठ्या झाडावर नेऊन ठेवावी.

आंब्याचे खरे शत्रू निराळे आहेत आणि ते आपल्या बागायतदारांस पुरेपूर ठाऊक आहेत. मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे, फुलकिडी, शेंडे पोखरणारी अळी, खोड पोखरणारा भिरूड, फळमाशी आणि भुरी व करपा हे रोग. काजूवर ढेकण्या आणि रोठा. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबविली होती आणि ती बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली, हे या जिल्ह्याला विसरता येणार नाही. या शत्रूंविरुद्ध उपाय केलेच पाहिजेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी त्यासाठीच आहेत. कोणते औषध, किती प्रमाणात, पालवीच्या वेळी की मोहोराच्या, हे त्यांत सांगितलेले असते. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळावी, असेही तज्ज्ञ सांगतात. कारण आंब्याचे परागीकरण माश्या व अन्य कीटक करतात आणि ते मेले तर फळ कोठून धरणार?

भीतीने केलेली फवारणी या शिफारशींत कोठेच बसत नाही. तिने ज्या अळीपासून धोका नव्हता ती मरते, तिच्याबरोबर तुडतुड्यांना खाणारे कोळीही मरतात, आणि मग खरी कीड आली की तिला अडविणारे कोणी उरत नाही. त्यातून पुढची फवारणी अटळ होते. औषधाचा खर्च वाढतो, फळावर अंश राहण्याची भीती वाढते. आणि पंप मारणारा माणूस? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही घटना आपण वाचली आहे. आमच्या आरोग्य केंद्रात नेलेला गडी सुखरूप परत आला. तो आला नसता, तर माझ्या चार ओळींचा खुलासा कोणाच्या उपयोगी पडला असता?

आपणां सर्वांस करता येण्याजोगे

यास्तव काही सूचना नम्रपणे करतो.

पहिली माझ्यासह सर्व अधिकाऱ्यांसाठी. कीटक, साप, रोग यांविषयीचे कोणतेही वृत्त कृषी सहायक, विद्यापीठ अथवा त्या विषयाचा जाणकार यांनी पाहिल्यावाचून प्रसिद्ध करू नये. आणि ‘दक्षता घ्यावी’ असे मोघम शब्द तर कधीच लिहू नयेत. काय करावे आणि काय करू नये, हे स्पष्ट लिहावे. ‘ही अळी निरुपद्रवी आहे, औषध मारू नये’ एवढे सात शब्द मी लिहिले असते, तर साठ कलमांवरचे विष वाचले असते.

दुसरी शिक्षकांसाठी. पावसाळ्यानंतर शाळेच्या आवारातील आंबा, काजू, कण्हेर, रुई यांची पाने मुलांना उलटून पाहू द्या. अळी सापडली तर झाकणाला छिद्रे पाडलेल्या बरणीत त्याच झाडाच्या ताज्या पानांसह ठेवा आणि रोज तिची लांबी, रंग व खाल्लेली पाने यांची नोंद करावयास सांगा. रुईचा चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या. फुलपाखरू बाहेर आले की ते सोडून द्या. टाचणी लावून ठेवू नका. या प्रयोगाला काहीही खर्च येत नाही. परंतु ज्या मुलाने अळीचे फुलपाखरू होताना स्वतः पाहिले आहे, ते उद्या बागायतदार झाल्यावर पंप उचलण्यापूर्वी एकदा पान उलटून पाहील.

तिसरी पंचायत सदस्यांसाठी. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आणि गावची लोकजैवविविधता नोंदवही तयार व्हावयाची, अशी तरतूद आहे. मी पाहिलेल्या काही नोंदवह्यांत झाडे, औषधी वनस्पती, मासे, पक्षी यांची पाने भरलेली आहेत, पण कीटकांच्या रकान्यात ‘फुलपाखरे, मधमाश्या, इतर’ एवढाच मजकूर आहे. ‘इतर’ या शब्दात गावाची अर्धी सृष्टी जाते. गावातील वृद्ध बागायतदार, गुराखी, रानात जाणाऱ्या स्त्रिया आणि शाळेतील मुले यांना एकत्र बसवून कोणत्या झाडावर कोणती अळी, कोणत्या महिन्यात, तिला गावात काय म्हणतात, एवढे जरी लिहून घेतले, तरी पुढच्या वेळी छायाचित्र कोणाला पाठवावे हा प्रश्न पडणार नाही. उत्तर पंचायतीच्या कपाटातच सापडेल.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो. बरणीतून बाहेर आलेले ते तपकिरी फुलपाखरू आम्ही कार्यालयाच्या खिडकीत ठेवले होते. पंख वाळल्यावर ते उडाले आणि आवारातल्या आंब्याच्या उन्हातील एका पानावर जाऊन बसले. त्या झाडाला दरवर्षी आंबे लागतात आणि यंदाही लागले. साठ कलमांच्या त्या बागायतदारांना मी परवा पुन्हा भेटलो. त्यांनी पालवीवर विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे एकच फवारणी केली होती आणि गड्याच्या तोंडाला फडके बांधलेले होते. एका पानावरची अळी मला दाखवीत ते म्हणाले, “साहेब, हिला राहू दिली आहे.”